सोमवारी बिघडणारी शेगडी

रोहिदास शितोळेला शेगडीची तक्रार तोंडी ऐकून घ्यायला आवडत नाही. बाई सांगू लागली की तो हात वर करतो, "थांबा ताई, तिलाच बोलू द्या," म्हणतो, बर्नर पेटवतो आणि कान जवळ नेतो. फुरफुर, फटफट, नुसतीच सूं सूं. आवाजावरून बिघाड गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या जेटमध्ये आहे, नळीत आहे की बटणाखालच्या कॉकमध्ये, हे तो ओळखतो. हे काम तो दौंडला कोंडिबा मिस्त्रींकडे शिकला. तेव्हा रॉकेलचे स्टोव्ह होते आणि रेल्वे क्वार्टरमधल्या बायका ते तुंबले की पिन मारायला आणून देत. कोंडिबांचं म्हणणं असं की घरच्या माणसाला विचारून बिघाड शोधायचा तर मिस्त्री कशाला हवा? रोहिदासला ते मनापासून पटलं. पुढे तो शिरूरला स्थायिक झाला, मोपेडला हत्यारांची पेटी बांधून कोरेगाव भीमापर्यंत फिरू लागला. एकाच बिघाडासाठी आपल्याला दुसऱ्यांदा कुणी बोलावलेलं नाही, असं तो चारचौघांत सांगायचा. यंदाच्या दिवाळीपर्यंत त्याला ते खरंही वाटत होतं.

कारेगावात नीलम खानावळ चालवते. कंपनीतली बावीस पोरं तिच्याकडे जेवतात. तीन बर्नरची स्टीलची शेगडी सकाळी पाचला पेटते. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी तिचा फोन आला. ज्योत पिवळी, पातेली काळी, भाकरीला काजळी. मंगळवारी रोहिदास गेला. जेट काढले तर आत पांढरी पूड. भाताची पेज उतू जाऊन वाळली असणार, असं त्याने ठरवलं. जेट साफ केले, बर्नरची भोकं तारेने मोकळी केली, कॉकला ग्रीस भरलं, साबणाचा फेस लावून गळती तपासली. ज्योत निळीशार झाली. दाराशी मेथी निवडत बसलेल्या म्हाताऱ्या बाईंकडून तांब्याभर पाणी घेऊन प्यायला आणि निघाला.

पुढच्या सोमवारी पुन्हा फोन.

या वेळी त्याने जेटच बदलले. जुने जेट पिशवीत टाकताना त्याला स्वतःचाच राग आला. त्याच्याही पुढच्या सोमवारी फोन वाजला तेव्हा तो जेवत होता. त्याने ताट बाजूला सारलं. तिसऱ्या खेपेला त्याने रबरी नळी बदलली, रेग्युलेटर बदलून पाहिला, दुसरं सिलिंडर लावून पाहिलं.

"मामा, शेगडी तुमच्यावर रुसलीय का वो?" नीलम म्हणाली. तिचा आवाज हसरा होता, चेहरा नव्हता. "काल अर्धी पोरं उपाशी कामाला गेली. आता परत बिघडली तर मी ग्रुपवर टाकणार. मग मला बोलू नका."

ग्रुप म्हणजे कारेगावातल्या खानावळवाल्या बायकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. रोहिदासला तिथली सगळी कामं नीलमच्याच शब्दावर मिळालेली. तिने ग्रुपवर एक ओळ लिहिली असती तर मोपेड कारेगावच्या कमानीतून आत न्यायला त्याला तोंड राहिलं नसतं. आणि त्याहून टोचत होतं ते असं की त्याला काही कळतच नव्हतं. घरी आल्यावर त्याने पाना भिंतीवर फेकला. बायको सुवर्णा म्हणाली, "भिंतीचा जेट तुंबलाय व्हय?" त्यावर तो तिच्याशी दोन दिवस बोलला नाही.

सोमवारीच का बिघडते? रविवारी तिथे मटण असतं, शेगडी दुपारपर्यंत ढणढणा जळते, तेलाचे शिंतोडे उडतात. पण तेल पांढरं वाळत नाही. शेवटी रविवारी, कुणी बोलावलं नसताना, तो अकरा वाजता नीलमच्या ओट्याशी जाऊन उभा राहिला.

"आज कशाला?" नीलमने डोळे बारीक केले.

"बघायला."

"बिघडायच्या आधीच?"

तो एका पाटावर बसून राहिला. पोरं जेवून गेली, त्याच्या हातातही कुणी रश्श्याची वाटी दिली. तिन्ही बर्नर निळे जळत होते. साडेतीनला नीलमने सिलिंडर बंद केलं आणि जरा पडायला आत गेली. रोहिदासही उठण्याच्या बेतात होता. एवढ्यात ती मेथीवाली म्हातारी, नीलमची सासू मुक्ताबाई, मोरीतून बाहेर आली. दोन्ही हातांत फडक्याने धरलेलं पातेलं, आत सोडा घातलेलं कढत पाणी. तिने पदर खोचला आणि पहिल्या बर्नरवर धार धरली.

"अवो मावशी!" रोहिदास ओरडला. "काय करताय?"

मुक्ताबाई दचकली, पण धार थांबली नाही. "काय म्हंजी? चूल धुतेय. आन् वरडतोस कशाला?"

"ही चूल न्हाई, शेगडी हाय!"

"मटण शिजलंय तिच्यावर. उद्या सोमवार. माझी उपासाची भगर का ह्या खरकट्या चुलीवर शिजवू? कासुर्डीला होते तवा दर रविवारी चूल सारवायचे. हितं शेण कुठून आणू? म्हून सोड्याचं पाणी."

मुक्ताबाई कासुर्डीहून दिवाळीलाच लेकाकडे राहायला आली होती. रोहिदासने मनाशी आठवडे मोजले; बरोबर जुळत होते. तीन मंगळवार तो तिच्या हातचं पाणी प्यायला होता.

गलक्याने नीलम उठून आली. रोहिदासने बर्नर उचलला, खालची नळी सोडवली आणि ताटात उलटी केली. पांढुरकं पाणी ताटभर झालं. "हे वाळतं, जेटात बसतं. मग हवा ओढली जात न्हाई आन् ज्योत पिवळी पडते," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "सोन्यासारखी शेगडी! आन् मी इकडं जेट बदलतोय, नळी बदलतोय!"

नीलमने सासूकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली केली. सासूबाईंना बोलायची तिची छाती नव्हती. मुक्ताबाईने मात्र ताटातलं पाणी नीट निरखलं, बोट बुडवून पाहिलं.

"व्हय की," ती म्हणाली. मग रोहिदासकडे वळली. "आन् हे कळायला तुला तीन खेपा लागल्या? मी दारातच बसलेली. पयल्याच दिवशी इचारलं असतंस, मावशी, शेगडी कोण धुतं, तर सांगितलं असतं की. मला काय चोरी हाय?"

रोहिदासने ताटातलं पाणी मोरीत ओतलं.

"ते ऱ्हाऊ दे. आता उद्या माझी भगर कशावर करायची ते सांग."

तासभर त्यावरच गेला. ओल्या फडक्याने पुसा, असं त्याने सांगितलं. मुक्ताबाई म्हणाली, पुसणं म्हणजे धुणं नव्हे, पाणी फिरलंच पाहिजे. शेवटी असं ठरलं की बर्नर आणि वरच्या जाळ्या उचलून मोरीत सोड्याच्या पाण्याने धुवायच्या, उन्हात वाळवायच्या आणि पत्रा तेवढा पिळलेल्या फडक्याने पुसायचा. मुक्ताबाई तयार झाली, पण तोंड वाकडं करूनच. रोहिदासने सगळं सुकवलं, पुन्हा जोडलं, ज्योत पाहिली. निळी. त्याला मात्र जरासुद्धा बरं वाटलं नाही.

सोमवारी फोन आला नाही. मंगळवारी सकाळी नीलमचा आला.

"मामा, शेगडी झ्याक चाललीय. तुमच्यासाठी मी ग्रुपवर टाकलं बगा. शेगडीवर पाणी वतू नका, मामांनी शोधून काढलं म्हून."

"बरं केलंस," तो म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्याची पाठ जरा ताठ झाली.

"पण त्या काय म्हणतायत ठावं हाय का? आम्हीबी वततो, म्हणतायत. मोनाली तर दर अमावास्येला बादलीच वतते. मग एवढ्या वर्षांत मामांनी आमाला का सांगितलं न्हाई, आसं इचारतायत."

दुपारपर्यंत पाच फोन आले. मोनालीचा सर्वांत लांब होता, आणि तिच्या शेगडीचे जेट त्याने आजवर किती वेळा बदलले, हे तिला तारखेनिशी पाठ होतं.

बुधवारी तो मोनालीच्या घरी गेला. ती सांगू लागली तसा त्याचा हात सवयीने वर गेला. तो त्याने खाली घेतला. पेटी न उघडता ओट्याशी उभं राहून त्याने विचारलं, "शेगडी कोण धुतं? कवा? किती पाणी?"

मोनालीने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"का वो मामा," ती म्हणाली, "आता धुवायला पण तुम्हीच येणार व्हय?"