पहिला मध

मधाची बाटली उघडली की मला संभाजीनगरच्या दवाखान्यातली ती गरम खोली आठवते. सून सातव्याच महिन्यात बाळंत झाली होती. नातू तळहाताएवढा, नाकात दुधाची बारीक नळी. आमच्यात पहिला मध बापाच्या आईनं सोन्याच्या अंगठीनं चाटवायचा. जी चाटवील तिचा गुण लेकराला लागतो. मी वेरूळहून मध घेऊन गेले, तर नर्सबाईनं दारातच अडवलं. "मध नाय, पाणी नाय. आईचंच दूध. असल्या लेकरांना दुसरं काही सोसत नाय." शिवाय ऊब मिळावी म्हणून लेकराला उघड्या छातीशी धरून कुणीतरी बसायला हवं होतं, आणि सून तर ऑपरेशन होऊन पडलेली. मी पुढं झाले आणि नेमका खोकला आला. नर्सबाईनं मला बाहेर काढलं आणि वैजापूरच्या विहिणीला, सुनेच्या आईला, खुर्चीत बसवलं. तिच्या छातीवर लेकराचे गार पाय गरम झाले. मी दारातून बघत होते. "जळू नका विहीणबाई, आधी खोकला जाऊ द्या," ती म्हणाली. "मी कशाला जळू? नीट धरा, आमच्या घरचा हाय." "व्हय, पण ऊब माझी हाय." माझा खोकला गेला तोवर सून उठली होती, लेकरू तिच्याकडं गेलं. आता ते शाळेत जातं, माझ्या घरात राहतं, माझ्या हातचं खातं. पण ताप चढला की वैजापूरला फोन लावा म्हणून रडतं. मी लावते, आणि तिनं तो उचलू नये असं मनात म्हणते.