मूरफार

आमचे मामेसासरे म्हणजे सबंध वसई तालुक्यातले नॉर्वेजियन बोलणारे एकमेव केळीबागायतदार. भाषेतला शब्द मात्र त्यांना एकच येतो: मूरफार. मूर म्हणजे आई, फार म्हणजे बाप, दोन्ही जोडले की आईचा बाप, अर्थात आजोबा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, लोणचं मुरलंय फार, असं काहीतरी म्हणताहेत.

त्यांची एकुलती एक मुलगी नॉर्वेला असते आणि नातीला मराठीचं अक्षर येत नाही. मामी गेल्यापासून वसईतल्या होळी भागातल्या घरात मामा एकटेच. रविवारी व्हिडिओ कॉल लागला, की ते फोन नाकाशी धरून ओरडायचे, "मूर! फार!" की पोरगी पसार! पडद्यावर उरायचं नुसतं छत. मामा त्या छताकडे बघून हात हलवत बसायचे. शेवटी मुलीने उलगडा केला. "बाबा, तुम्ही दोन्ही तुकड्यांवर जोर देता. तिला वाटतं, तुम्ही आईला आणि बाबाला हाक मारताय, म्हणून ती आम्हाला बोलवायला धावते. जोडशब्दात जोर पहिल्यावर द्यायचा, दुसरा हलकेच सोडायचा."

झालं! मामांनी सगळी मराठीच सरावाला जुंपली. मांडीवर थाप मारून पहिला तुकडा ठणकवायचा, दुसरा गिळायचा. 'वसई-विरार' असं काही म्हणायचे, की विरारचे पाहुणे चहा न घेता उठायचे. राजोडीच्या किनाऱ्यावर त्यांनी 'पानीपुरी' मागितली, तर गाडीवाल्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. मामा तो आनंदाने प्यायले. "बसला बघ जोर!" मी हसले खरी, पण घरी येताना मला त्यांचं फार वाईट वाटलं.

गेल्या रविवारी मी डबा घेऊन गेले होते. फोन लागला, मामांनी थाप मारली. "मूरफार." पोरगी पळाली नाही. जवळ आली आणि जी बोलत सुटली, विचारू नका. मामांना ओ की ठो कळत नव्हतं. ते मान डोलवत होते आणि डोळे पुसत होते. मग तिने काहीतरी विचारलं. मामांनी आणखी जोरात मान डोलवली. ती टाळ्या पिटत गेली.

मुलगी फोनवर आली. "बाबा, हो कशाला म्हणालात? मूरफार आत्ता आमच्याकडे येणार का, असं विचारत होती ती. बूट घालून दारात बसलीय!"

मामांनी फोन पुन्हा नाकाशी धरला. मग म्हणाले, "नाय म्हनायला तिकडं काय म्हनतात गं?"

"नाय. जवळजवळ आपल्यासारखंच."

म्हणजे हा शब्द त्यांना शिकावाही लागणार नव्हता. नात पडद्यावर परत आली, बुटांसकट. मामांनी तोंड उघडलं, पण तेवढा शब्द काही त्यांच्याच्याने बोलवला नाही.