एका क्लिकवर सुट्टी

बसा, चहा घ्या आधी. कारण हा किस्सा ऐकून तुम्ही हसाल, आणि मग हसलात म्हणून तुम्हालाच वाईट वाटेल. माझं तेच झालंय.

आमच्या कंपनीत रजा मागायची म्हणजे मॅनेजरच्या मागे मागे फिरायचं. त्यावर उपाय म्हणून मी एक सॉफ्टवेअर बनवत होतो, फक्त ऑफिसातल्या लोकांसाठी. आता हल्ली नुसतं काम करून भागतं का? केलेलं जगाला दाखवावं लागतं. मीही दर आठवड्याला कामाची प्रगती इंटरनेटवर टाकायचो, तीही बाणा म्हणून मराठीतून. मात्र काम ऑफिसच्या आतलं, म्हणून सॉफ्टवेअरचा उल्लेख कटाक्षाने गाळायचो. गुप्तता हो, गुप्तता.

त्या शुक्रवारी काम पुरं झालं आणि मी लिहिलं, 'आनंदाची बातमी. आमच्या ऑफिसात सोमवारपासून एका क्लिकवर सुट्टी. मॅनेजरचं तोंडही बघायला नको.' खाली फटाक्यांचं चित्र.

ऐका पुन्हा. टाकण्याआधी मी पुन्हा वाचलं नव्हतं.

पहिली प्रतिक्रिया आली, 'धीर धरा.' मला वाटलं, चुकून पडली. मग आली, 'बायोडेटा पाठवा.' मग आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी अवतरले. 'दुसऱ्यांच्या नोकऱ्या गेल्यावर फटाके उडवणारा मनुष्य प्रथमच पाहिला. अभिनंदन.'

माझ्या डोक्यात प्रकाश पडेपर्यंत शेजारच्या टेबलावरचा वानखेडे उठून आला. वर्ध्याचा माणूस. त्याची बायको तिकडची नोकरी सोडून गेल्याच आठवड्यात इकडे त्याच्याकडे विश्रांतवाडीला राहायला आली होती. एरवी ऑफिसात अगदी पुस्तकी मराठी बोलायचा, त्या दिवशी विसरला.

"मले आधी सांगता येत नव्हतं का बे? संगं डबा खातो आपण."

"अरे, सुट्टी म्हणजे रजा. रजेचं सॉफ्टवेअर आहे ते."

"खरंच?"

"आईशप्पथ."

तो मटकन खुर्चीत बसला. तिथूनच त्याने बायकोला फोन लावला. "काही नाही गं, येडा आहे तो देवधर," म्हणाला. देवधर म्हणजे मीच. मीही हसलो. जीव भांड्यात पडला होता.

तेवढ्यात मोठ्या मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"देवधर, सोमवारचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सोमवारचं काय?"

मॅडमनी समोरची नावांची यादी झटकन पालथी घातली. काचेपलीकडे वानखेडे अजून फोनवर हसत होता.

"वानखेडेसुद्धा?" मी विचारलं.

मॅडमनी पडदा ओढून घेतला.

"अहो मॅडम, मी रजेबद्दल लिहिलं होतं. लोकांना काढणार आहेत हे मला खरंच माहीत नव्हतं."

"ते कळलं आता. तसे तुम्ही त्यात नव्हता."

तुमच्यापासून काय लपवायचं, त्याही क्षणी मला बरं वाटलं. सांगायला लाज वाटते.

"थँक्यू मॅडम," मी म्हणालो.

"नव्हता," त्या म्हणाल्या, "असं म्हटलं मी."