ढ कोण

आमचा नातू निवड परीक्षा देऊन नावाजलेल्या सरकारी शाळेत गेला. आमच्या पोळीवाल्या बाईंची मुलगी त्याच परीक्षेत मागे पडली. "पोर जरा ढच आहे," असं मी बाईंना बोललो आणि तिला पुन्हा बसवायचा विचार त्यांनी सोडला.

प्रभादेवीच्या आमच्या मंडळाने नातवाचा गुणगौरव केला, तेव्हा मी माईक मागून घेतला.

"महागडा क्लास, घरी मास्तर, अभ्यासाला वेगळी खोली. एवढं मिळून हा काठावर पास झाला. बाईंची पोर टीव्हीच्या आवाजात एकटी शिकली. तिला ढ म्हणणारा मीच ढ."

"बाबा, बसा आता," मुलगा कुजबुजला. मी उभाच राहिलो.

कार्यक्रमाला आलेल्या पोळीवाल्या बाईंनी मागून विचारलं, "मग आजोबा, बसवू काय तिला परत?"

"बसवाच."