घोडीचे हप्ते

ती घटना मी आजवर कुणाला सांगितली नाही. विसरलो मात्र एक दिवसही नाही.

निजामाच्या राजवटीत जालन्याकडच्या एका ठाण्यात मी नवा जमादार होतो. ठाण्याच्या सरकारी घोडीची देखभाल एका जवानाकडे होती. धनगराघरचा, अबोल माणूस. रोजनामच्यात नोंद केल्याशिवाय घोडी बाहेर काढायची नाही, असा नियम. अमीनसाहेब, म्हणजे आमचे ठाणेदार, दौऱ्यावर गेले तेव्हा नोंद न करताच मी घोडी तीर्थपुरीच्या बाजाराला नेली. काम घरचं होतं. परतताना फार दामटली. लगाम जवानाच्या हाती टाकून निघून गेलो. संध्याकाळी घोडी पोटशूळानं मेली.

त्याच रात्री परतलेल्या अमीनसाहेबांनी चौकशी माझ्याकडेच दिली. दुसऱ्या दिवशी एक शेतकरी ठाण्यात आला. म्हणाला, "तुमची घोडी काल बाजारात बांधल्याली बघितली. घामानं निथळत होती." खबर पक्की होती. मी ती कागदावर घेतली नाही.

जवानाला समोर बसवलं.

"घोडी कशानं मेली?"

"तापून आल्ती. फिरवून थंड करायची सोडून म्या लगेच पाणी पाजलं."

कुणी नेली होती, हे विचारणं माझं काम होतं. मी विचारलं नाही. जबाबात लिहिलं: निष्काळजीपणे पाणी पाजलं.

"सरकारी जनावर होतं, तुझ्या कळपातलं मेंढरू नव्हे," अमीनसाहेब त्याला बोलले. वरून हुकूम आला: किंमत दरमहा पगारातून कापावी, आणि ती फिटेपर्यंत त्यानं सरकारी जनावराला हात लावू नये. कपातीचं ऐकून तो हलला नाही. पुढचं ऐकलं आणि तबेल्याच्या दाराबाहेर जाऊन बसला.

पगाराच्या दिवशी हप्ता मीच कापायचो. तो अंगठा उठवून "बराबर हाय" म्हणायचा. एकदा बाजूला घेऊन मी त्याच्यापुढं पैसे धरले.

"ठेवा, जमादारसाहेब."

"अरे, घोडी कुणी नेली ते तुला ठाऊक आहे."

"हाय की. पण दावं माझ्या हातात होतं. आमच्यात दावं ज्याच्या हाती, भरपाई त्याची. माझ्या चुकीचं मी फेडून राह्यलो. तुमच्या चुकीचं तुमी बघा."

"मग नाव का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलंच न्हाई. मंग काय सांगू?"

ठाण्यात नवी घोडी आली. कपात संपेपर्यंत तो तिला लांबूनच बघत राहिला. अनेक वर्षांनी शेवटचा हप्ता कापला, त्या दिवशी त्यानं एवढंच विचारलं, "आता हात लावू का?" मी हुकूम लिहिला. शाई वाळायच्या आत तो तबेल्यात होता.

कबुली कशी काढायची, हे मला खात्यानं शिकवलं. स्वतःच्या वाट्याची चूक तेवढी उचलणारा, तिच्यात दुसऱ्याची न मिसळणारा माणूस मी नोकरीत तो एकच पाहिला. त्याच्या नावावर निष्काळजीपणाचा शेरा अखेरपर्यंत राहिला. मला बढत्या मिळाल्या. तो शेरा खोडायला माझी एक ओळ पुरली असती. ती आज लिहितो: घोडी मी नेली होती.