सोबत कोण आहे?

दातांच्या त्या दवाखान्यात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न कानावर आदळायचा, "सोबत कोण आहे?" विचारणारी बाई मानही वर करायची नाही. बावीस वर्षं त्याच टेबलामागे, त्याच करकरणाऱ्या खुर्चीत बसून तिने हा प्रश्न इतक्यांदा विचारला होता की तिचं नावच सोबतबाई पडलं. तोंडावर नुसतं "बाई", पाठ फिरली की सोबतबाई. तिला ठाऊक होतं. "म्हणा, म्हणा," ती म्हणायची, "गुंगीत रस्त्यावर आडवे झालात की कळेल बाई काय ओरडत होती ते."

मंगळवारी आणि शुक्रवारी भूलवाले डॉक्टर यायचे. त्या दिवशी ज्यांची अक्कलदाढ निघायची त्यांना सोबतबाई एका श्वासात सगळं ऐकवायची. कुठे थांबायचं नाही, कुठे घसरायचं नाही.

"हे बघा, पूर्ण झोपवत नाहीत, गुंगी देतात, हाताच्या शिरेतून. सहा तास पोटात काही नको, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल. बाही वर सरकेल असा सैल कपडा घाला. नखांना रंग नको, बोटाला चिमटा लावतात, त्याला नखातून बघायचं असतं. गुंगी आली की दाढेपाशी बधिर करायचं इंजेक्शन वेगळं. ऐकू येईल, तोंड उघडा म्हटलं की उघडाल, पण फिकीर म्हणून वाटणार नाही. पाऊण तास पाच मिनिटांएवढा वाटेल आणि नंतर त्यातलं बरंचसं आठवणारही नाही. चोवीस तास गाडी चालवायची नाही, कागदावर सही करायची नाही, कुणाला वचन द्यायचं नाही. टाके काढायला मात्र एकटे या, उगाच वरात आणू नका. हं, सोबत कोण आहे?"

वचनाची भर तिची स्वतःची होती. एका आडदांड पहिलवानाने शुद्धीवर येता येता भूलवाल्या डॉक्टरांना "ओटारशायकल तुमाला इली" म्हणत आपली मोटरसायकल देऊन टाकली होती आणि दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन भांडायला आला होता. तेव्हापासून तिने ती ओळ छापील कागदावरही टाकून घेतली.

कुणी एकटं आलं की ती परत पाठवायची. "अहो, मी टॅक्सीने जाईन ना," असं म्हणणाऱ्याला ती चष्म्यावरून बघायची. "टॅक्सीवाला तुमचा कोण लागतो? भाऊ? मेव्हणा?"

पन्नाशीला वर्ष उरलं असताना तिची स्वतःचीच दाढ ठणकायला लागली. खालची, उजवीकडची. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाला धरला आणि म्हणाल्या, "काही नाही हो, मुळं सरळ आहेत. नुसतं बधिर करून वीस मिनिटांत काढते. गुंगीही नको आणि तुमची ती सोबतही नको."

"नको," सोबतबाई म्हणाली. "मला गुंगीच द्या."

"तुम्हाला? बावीस वर्षं बघताय, आणि घाबरता?"

"बघते म्हणूनच घाबरते."

घाबरत वगैरे ती अजिबात नव्हती. पण खोटं तिच्या तोंडातून इतकं सरळ बाहेर पडलं की तिलाच नवल वाटलं.

भूलवाले डॉक्टर दारातून डोकावले. "मग बाई, सोबत कोण आहे?" त्यांनी तिचाच सूर लावला होता, शेवटचा "आहे" नाकात चढवून, आणि डॉक्टरीणबाई फिसकन हसल्या. "आमच्या हिला पाठवतो. माझ्यापासून तेवढीच सुटका तिला."

"काही नको. माझं माणूस आहे."

माणूस होतं. बसने दोन तासांवर होतं, शाळेचे गणवेश शिवायचं दुकान चालवत होतं. तिची पाठची बहीण. लहानपणी एका चादरीसाठी दोघी रोज ओढाओढ करायच्या आणि सकाळी एकमेकींच्या अंगावर पाय टाकलेल्या सापडायच्या. आता आठ वर्षं झाली होती. त्यांची आई आजारी पडली तेव्हा थोरलीने धाकटीला फोनवर सांगितलं होतं, "घाई नाही गं, सावकाश ये." धाकटी सावकाश आली. आई तोवर गेली होती. दारातच धाकटी म्हणाली, "तू मला बोलावलं नाहीस." आणि थोरली म्हणाली, "बोलावलं असतं तर आली असतीस?"

एवढंच. पण ते वाक्य दोघींच्या मध्ये जे येऊन बसलं ते उठेचना. थोरलीच्या हाताशी फोन रोज असायचा. रोज संध्याकाळी कुलूप काढताना तिला आतून कुणीतरी "आलीस का?" म्हणावंसं वाटायचं, आणि ते कुणीतरी म्हणजे दुसरं कुणी नव्हतं. पण नुसताच फोन करून म्हणायचं काय? कारण तर हवं! आता कारण मिळालं होतं, ठणकणारं आणि डॉक्टरांनी पाहिलेलं.

"हॅलो," पलीकडे धाकटी म्हणाली. मागे शिलाई मशीनची खडखड चालू होती.

आणि सोबतबाईच्या तोंडात जे तयार होतं तेच बाहेर पडलं. "हे बघ, माझी दाढ काढायची आहे, शुक्रवारी, गुंगीत. अठरा वर्षांवरचं माणूस लागतं, पूर्ण वेळ थांबणारं, घरी पोचवणारं, रात्री घरात राहणारं."

मशीन थांबलं. "आणि ते माणूस म्हणजे मी?"

"नियम आहे."

"नियमाला दुसरं कुणी सापडलं नाही?"

"नाही."

सोबतबाई वाट बघत होती, की आपल्या तोंडून "ये" असा एक शब्द तरी निघेल. निघाला नाही.

"किती वाजता?" धाकटीने विचारलं.

शुक्रवारी धाकटी आली. केस पिकले होते, गळ्यात मोजपट्टी तशीच राहिली होती. सोबतीच्या माणसाने सही करायच्या जागी तिने सही केली आणि "नातं" या शब्दापुढे पेन धरून थांबली. सोबतबाई दुसरीकडेच बघत होती. मग पेन सरकल्याचा आवाज आला.

खुर्चीत आडवं झाल्यावर सगळं तिच्या भाषणाप्रमाणेच घडत गेलं. दंडाला पट्टा, बोटाला चिमटा, हाताच्या पाठीवर सुई. समोरच्या घड्याळात साडेअकरा. "आता जरा गार वाटेल हं," भूलवाले म्हणाले, आणि काहीतरी गारसं मनगटातून वर चढत गेलं. छतावरचा दिवा मऊ झाला. कुणी "तोंड उघडा" म्हणालं, तिने उघडलं. फिकीर नव्हती. मग मध्येच कुणाचा तरी हात होता, बोटांना सुया टोचून टोचून खरखरीत झालेला. आणि मग एकदम घरचा पंखा, तोंडात कापसाचा बोळा, खिडकीत उतरतं ऊन. मधलं सगळं कुणी कात्रीने कापून नेल्यासारखं.

"उई काय ओलले?" तिने विचारलं.

"गप्प पड," धाकटी म्हणाली, गालावर बर्फाची पिशवी धरत. "बोळा पडेल."

संध्याकाळी भूलवाल्यांचा फोन आला, रक्त थांबलं का विचारायला. तिने त्यांनाही विचारलं, मी काय बोलले? ते म्हणाले, "बाई, गुंगीत कुणी काय बरळलं ते दवाखान्याच्या दाराबाहेर जात नाही. नियम कुणाचा? तुमचाच." आणि खुशाल हसत फोन ठेवला.

रात्री धाकटी खाली गादी टाकून झोपली. सोबतबाई तिचा श्वास ऐकत पडली होती. खाली हात सोडला असता तर पोचला असता. तिने सोडला नाही.

सकाळी धाकटी चपला घालत होती. दुकान उघडायचं होतं. दारात वळून ती म्हणाली, "काल तू मला एक गोष्ट सांगितलीस."

"काय?"

तिने छापील कागद पुढे धरला आणि बोटाने एक ओळ दाखवली. "चोवीस तासांतलं धरायचं नाही. साडेअकराला फोन कर. शुद्धीत सांग, मग धरते."

"अगं, पण सांगितलं काय मी?"

"ते तूच सांगायचंस," धाकटी म्हणाली आणि जिना उतरून गेली.

गाल लिंबू कोंबल्यासारखा फुगला होता. सोबतबाई घड्याळासमोर बसून राहिली. आपण काय सांगितलं असेल याबद्दल तिला शंकाच नव्हती. आठ वर्षं पोटात एकच गोष्ट होती, दुसरी बाहेर पडणार कुठून? साडेअकराला तिने नंबर लावला. मशीन खडखडत होतं.

"बोल," धाकटी म्हणाली.

"आई तीन दिवस तुझंच नाव घेत होती," सोबतबाई म्हणाली. शब्द फुगलेल्या गालातून वाकडे होऊन निघत होते. "पाणी मी पाजत होते, कूस मी बदलत होते, आणि ती बघायची दाराकडे. मला वाटलं, तू आलीस की मी तिला दिसणारच नाही. म्हणून म्हटलं, घाई नाही. घाई होती. मला माहीत होतं."

मशीन केव्हा थांबलं ते तिला कळलं नाही. पलीकडे रस्त्यावरचा हॉर्न ऐकू आला.

"हे काल नव्हतं," शेवटी धाकटी म्हणाली.

सोबतबाई घड्याळासमोरून उठली. "मग काल काय होतं?"

"माझा हात धरून एकच लावलं होतंस. 'ये गं, लवकर ये, लवकर ये.' मी तिथेच उभी. तरी आपलं ये, ये."

सोबतबाईला वाटलं, आता कट होईल. तिने फोन कानाला घट्ट दाबला, दुखऱ्या बाजूच्याच.

"मला आत्ता काही बोलता येणार नाही, ताई."

"बरं."

पण कट झाला नाही. धाकटीने नाक ओढलेलं ऐकू आलं, मग कुणीतरी दुकानात येऊन काहीतरी विचारलं, ती त्याला "थांबा जरा" म्हणाली. पुन्हा फोनशी आली.

"टाके कधी काढायचेत?"

"पुढच्या शुक्रवारी."

"त्याला सोबत लागते?"

सोबतबाईच्या पुढ्यात तो छापील कागद होता. टाके काढायला एकटे या, ही शेवटची ओळ तिनेच सांगून घातली होती, ठळक अक्षरात. तिने कागद उलटा करून ठेवला.

"लागते," ती म्हणाली. "ये."