धारवाल्याच्या बायकोनं मागितलेला नियम

सगळी गल्ली तिला वहिनी म्हणे. नवरा सायकलवर दगडी चाक बसवून दारोदार सुऱ्या-कात्र्यांना धार लावत फिरायचा. जीभ सुरीहून तिखट, पण माणूस लोण्यासारखा. एके सकाळी कुणीतरी मोबाइलवर त्याचा फोटो फिरवला, ‘हा मुलं पळवतो’ म्हणून. दुपारी परक्या वस्तीत जमावानं त्याला ठेचून मारलं.

वहिनीनं कंबर कसली. दिराला सोबत घेऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. अफवांवर नियम करायच्या सुनावणीत म्हणाली, “खोटं पसरवणाऱ्यांना आवरा. माझं घर बसलं.” नियम झाला. अफवा वाटेल तो मजकूर काढायचा, लिहिणाऱ्याला आत टाकायचं.

दीर पंपघरात कामाला होता. पुढच्या वर्षी त्याला पाण्याला गटाराचा वास आला. साहेब दाद देईनात, तेव्हा त्यानं मोबाइलवर लिहिलं, “नळाचं पाणी उकळूनच प्या.” मजकूर लगेच गायब झाला आणि त्याला कोठडीत घातलं.

वहिनी कचेरीत धावली. अधिकारी म्हणाला, “बाई, नियम तुम्हीच मागितलात ना?”

“खोट्याचं तोंड बंद करा म्हटलं होतं, साहेब. हा खोटं बोलतोय का, ते तरी बघितलंत?”

“पाण्याच्या तपासणीचा अहवाल येऊ द्या.”

पाणी उकळून प्या, असं तिनं घरोघरी सांगितलं. कुणी ऐकेना. अहवालात दीर खरा ठरला, पण तोवर शेजारच्या शिंपिणीची चिमुरडी जुलाबांनी गेली होती.

“तुम्ही सांगितलं होतंत, वहिनी,” शिंपीण म्हणाली. “पण अफवा म्हणून काढलेलं ना ते? मला वाटलं, खोटंच असणार.”

दीर सुटला, नोकरी मात्र गेली. ताट वाढून वहिनी म्हणाली, “भाऊजी, बोला काहीतरी. शिव्या द्या हवं तर.”

“तुमचं काय चुकलं? तेव्हा हा नियम असता तर दादा वाचला असता.”

तो चिडला असता तर बरं, असं तिला वाटलं. ती चुलीशी तोंड फिरवून रडली.

नियम रद्द करा म्हणायला ती पुन्हा सुनावणीला गेली. उभी राहिली आणि नवऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढे आला. राहू द्या म्हणावं, तर शिंपिणीची ती पोर आठवली. “आधी खरं काय ते बघत जा,” एवढंच ती पुटपुटली. तोवर पुढच्याचा पुकारा झाला.

दीर आता दुसऱ्या शहरात असतो. कधीमधी फोन करतो.

“काम कसं चाललंय, भाऊजी?”

“बरंय. काही वावगं दिसलं तरी बोलत नाही आता.”